पाळी चुकण्याआधी सांगायचं ते: वयात येणाऱ्या मुलांशी लैंगिक आरोग्य आणि गर्भनिरोधनाबद्दल बोलताना

वयात येणाऱ्या मुलामुलींची सत्रं घेताना मी पुठ्ठ्याचं एक खोकं सोबत नेते. प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहून त्यात टाकायची, नाव घालायचं नाही. ज्याला काही विचारायचं नाही त्यानेही ‘प्रश्न नाही’ एवढं लिहून टाकायचं, म्हणजे कोण लिहितंय आणि कोण नाही हे शेजारच्याला कळत नाही. हा नियम मला उशिरा सुचला. तोवर खोकं अर्धं रिकामंच यायचं. आता ते भरून येतं, आणि आठ घड्या घातलेली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलेली एक चिठ्ठी त्यात हमखास असते: “एकदाच केलं तर काही होत नाही ना?”

हे विचारणाऱ्याला ‘असलं काही करायचंच नाही’ असं सांगून भागत नाही. कदाचित ते होऊन गेलंय. कदाचित पुढच्या आठवड्यात होणार आहे. कदाचित नुसती उत्सुकता आहे. तिघांनाही उत्तर एकच द्यायचं: होऊ शकतं. पहिल्याच वेळी, एकदाच, उभ्याने, पाळी नुकती संपलेली असताना, कसाही संबंध आला तरी दिवस जाऊ शकतात. हे उत्तर मुलांना गरज पडायच्या आधी, विश्वासातल्या मोठ्या माणसाकडून मिळावं म्हणून हा लेख लिहिते आहे. आई-वडील, मावशी, काका, शिक्षक, मोठी बहीण, ज्यांनी हे बोलणं अंगावर घ्यायचं ठरवलंय त्यांच्यासाठी तो आहे. एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती थेट पडला तरी हरकत नाही. त्यांच्यापासून लपवावं असं यात काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या अंदाजानुसार अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 15 ते 19 वयोगटातल्या मुलींना वर्षाला सुमारे 2 कोटी 10 लाख वेळा दिवस जातात, आणि त्यातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा नको असताना झालेल्या असतात. या वयातल्या आईला गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा आणि बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या आईपेक्षा जास्त असतो. शिक्षण सुटतं ते वेगळंच.

‘सांगितलं तर मुलांच्या डोक्यात नको ते येईल’ ही भीती मला प्रत्येक पालकसभेत भेटते, आणि मी ती झटकून टाकत नाही, कारण ती काळजीतूनच आलेली असते. पण तिला उत्तर आहे. युनेस्कोने 2018 साली लैंगिकता शिक्षणाची आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारून प्रसिद्ध केली. त्यासाठी जगभरातले अभ्यास तपासले, तेव्हा असं शिक्षण मिळालेली मुलं लवकर संबंध ठेवू लागतात याला आधार सापडला नाही. गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं.

पायरी 1: आधी शब्द नीट करा

बोलणं अडतं ते बहुतेक शब्दांपाशी. ‘ती जागा’, ‘खालचं’, ‘शूची जागा’ यापलीकडे घरात शब्दच नसतात. मग मुलाला तिथे दुखलं, खाज आली किंवा कोणी हात लावला तरी सांगायचं कसं? योनी, शिश्न, वृषण, स्तन, गर्भाशय हे शब्द कोपर, गुडघा म्हणावं तितक्या साधेपणाने उच्चारा. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळेल. आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहा. मीही तसंच केलं होतं.

काही शब्द तर टाकूनच द्यावेत. झोपेत वीर्य बाहेर पडण्याला आपल्याकडे ‘स्वप्नदोष’ म्हणतात. त्यात दोष कसला? वृषणात शुक्राणू तयार व्हायला लागले की होणारी ती नैसर्गिक गोष्ट आहे. पण या एका शब्दापायी किती मुलं आपल्याला काही रोग झालाय असं समजून महिनोन्‌महिने झुरतात, ते चिठ्ठ्यांमधून कळतं. ‘झोपेत वीर्य जाणं’ असं सरळ म्हणा. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, डोळे जात नाहीत, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. हेही याच वेळी सांगून टाका, कारण मुलगा स्वतःहून विचारणार नाही. ‘गुप्तरोग’ हा तसाच दुसरा शब्द. नावातच ‘गुप्त’ असलेला आजार कोण डॉक्टरला दाखवेल? लैंगिक संबंधातून पसरणारे आजार म्हणावं.

पायरी 2: एकदाच मोठं भाषण नको

मुलीला बसवून, दार लावून, घसा खाकरून एकदाच सगळं सांगण्याची पद्धत मी पाहिली आहे. दोघींनाही घाम फुटतो आणि विषय पुन्हा कधी निघत नाही. त्यापेक्षा पाच-पाच मिनिटांची वीस बोलणी बरी. शेजारी-शेजारी बसून, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही असं काही काम करताना बोलणं सोपं जातं. गाडीतून जाताना, कपड्यांच्या घड्या घालताना.

वयाचा अंदाज असा ठेवा. मुलींमध्ये बदल साधारण 8 ते 13 या वयात सुरू होतात, मुलांमध्ये 9 ते 14 मध्ये. म्हणजे पाळी आणि झोपेत वीर्य जाणं या दोन्ही गोष्टी आठव्या-नवव्या वर्षीच थोडक्यात सांगायला हव्यात, पहिला डाग पाहून मुलगी घाबरल्यावर नाही. आणि दोन्ही गोष्टी दोघांनाही सांगा. पाळी म्हणजे काय हे मुलाला माहीत असेल तर वर्गातल्या मुलीच्या कपड्यावर डाग दिसल्यावर तो हसणार नाही. दिवस कसे जातात हे दहा-अकराव्या वर्षापर्यंत कळलेलं असावं. गर्भनिरोधकं, दबाव, आजार यांचं बोलणं बारा-तेरापासून.

प्रश्न अचानक आला आणि उत्तर येत नसेल तर “चांगला प्रश्न विचारलास, मला नीट माहीत नाही, उद्या बघून सांगते” म्हणा आणि उद्या खरंच सांगा. मुलं उत्तराआधी तुमचा चेहरा वाचतात. चेहरा आक्रसला की पुढचा प्रश्न दुसऱ्याच कोणाला तरी विचारला जातो.

पायरी 3: कॅलेंडर घेऊन बसा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण अर्ध्या माहितीतून होणारा सगळ्यात मोठा घोटाळा इथलाच. ‘अमुक दिवस सुरक्षित असतात’ हे मुलांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पाळीचे दिवस आणि स्त्रीबीज सुटण्याची वेळ यांचा संबंध 1920च्या दशकात जपानच्या क्युसाकू ओगिनो आणि ऑस्ट्रियाच्या हेर्मान क्नाउस या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. शास्त्र खरं आहे. पण किशोरवयीन शरीराला ते लावून भरवसा ठेवणं धोक्याचं आहे. का, ते मुलांकडूनच मोजून घ्या.

कागदावर 1 ते 35 आकडे लिहायला सांगा. पाळी सुरू झाली तो दिवस 1. स्त्रीबीज सुटतं ते पुढची पाळी यायच्या साधारण 14 दिवस आधी. मागच्या पाळीपासून पुढे मोजायचं नाही, पुढच्या पाळीपासून मागे यायचं. चक्र 28 दिवसांचं असेल तर स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. 35 दिवसांचं असेल तर एकविसाव्या. 24 दिवसांचं असेल तर दहाव्या. सुटलेलं स्त्रीबीज 12 ते 24 तासच टिकतं, हे ऐकून मुलं सुस्कारा सोडतात. मग शुक्राणूंचं सांगायचं: ते शरीरात 5 दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. आता 24 दिवसांच्या चक्रात दहा वजा पाच. पाचवा दिवस. म्हणजे पाळीचा स्राव जेमतेम थांबतोय त्या दिवशी संबंध आला तरी दिवस जाऊ शकतात.

इथपर्यंत आलं की वर्ग एकदम शांत होतो. मग शेवटचा प्रश्न विचारायचा: पुढची पाळी कधी येणार हे आज कोणाला नक्की सांगता येईल? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती पुष्कळदा अनियमित असते. एका महिन्यात 24, पुढच्या महिन्यात 40. ज्या तारखेपासून मागे मोजायचं तीच माहीत नसते. पहिली पाळी यायच्या आधीही स्त्रीबीज सुटू शकतं, म्हणजे ‘अजून पाळी सुरू झाली नाही’ हेही संरक्षण नव्हे.

याच वेळी इतर गैरसमजही दूर करा. चुंबनाने, मिठीने, पोहण्याच्या तलावामुळे, एकच स्वच्छतागृह वापरल्याने दिवस जात नाहीत. संबंधानंतर लघवी केल्याने किंवा आतून धुतल्याने दिवस जाणं टळत नाही. वीर्यपतनाच्या आधी बाजूला झालं तर? त्याचं उत्तर पाचव्या पायरीत आकड्यासकट आहे.

पायरी 4: हो, नाही आणि दबाव

साधनांच्या आधी हे बोला. संबंध न ठेवणं हा गर्भधारणा टाळण्याचा एकमेव शंभर टक्के उपाय आहे आणि तो कोणत्याही वयात, कोणालाही, आधी एकदा हो म्हटलेलं असलं तरी, निवडता येतो. पण तो टिकायचा तर नकार द्यायचे शब्द तोंडात हवेत. मी मुलांना ती वाक्यं मोठ्याने म्हणायला लावते. “मला आत्ता नकोय.” “प्रेम आहे म्हणून हे सिद्ध करावं लागत असेल तर मला ते मान्य नाही.” “मी घरी जातेय.” ऐकणाऱ्यालाही शिकवायचं: समोरचं गप्प आहे म्हणजे हो नव्हे. नशेत आहे, झोपेत आहे, घाबरलंय, तर ते हो नव्हेच. मुलांना हे मुलींइतकंच सांगा. मुलग्यांवरही मित्रांचा दबाव असतो, त्यांच्यावरही अत्याचार होतात, आणि ते तर कोणालाच सांगत नाहीत.

संमतीचं वय कायद्याने ठरलेलं असतं आणि ते देशागणिक वेगळं आहे. तुम्ही राहता तिथलं वय आणि त्याखाली दोघांच्या मर्जीने झालेल्या संबंधालाही कायदा काय म्हणतो, हे आधी माहीत करून घ्या आणि मुलांना स्पष्ट सांगा. मोठ्या माणसाने मुलाशी असं काही केलं तर दोष त्या मोठ्या माणसाचाच असतो, मूल गप्प राहिलं असलं तरी आणि भेटवस्तू घेतली असली तरी.

फोटोंचंही याच पायरीत येतं. कपड्यांविना फोटो मागणारा प्रेमाने मागतो आणि मग त्याच फोटोवरून धमकावतो, असं घडतं. मुलीने किंवा मुलाने पाठवलाच असेल तर पैसे द्यायचे नाहीत, आणखी फोटो द्यायचा नाही, संदेश पुसायचे नाहीत, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय केंद्राची ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. अठराच्या आतल्या वयात काढलेला फोटो फोनमधून बाहेर न पाठवता ती त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे त्या फोटोची ओळख पटवणारी आकड्या-अक्षरांची खूण बनवते आणि सहभागी समाजमाध्यमं त्या ठशावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

पायरी 5: साधनं, खऱ्या आकड्यांसह

प्रत्येक साधनाचे दोन आकडे असतात. एक, अगदी बिनचूक वापरलं तर. दुसरा, माणसं प्रत्यक्षात वापरतात तसं, म्हणजे विसरत, घाई करत. मुलांना दुसरा आकडा सांगा. एका वर्षात शंभर जोडप्यांपैकी किती जणांना दिवस जातात, असं तो मोजतात. काहीच न वापरता: 85. बाजूला होण्याच्या पद्धतीत: 20. कंडोम: 13. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या: 7. तीन महिन्यांचं इंजेक्शन: 4. तांबी: एकापेक्षा कमी. दंडात बसवायची काडी: हजारात एक.

ही उतरण कशामुळे आहे, ते मुलांना ओळखायला सांगा. वरच्या साधनांना दर वेळी, दर दिवशी आठवण ठेवावी लागते, खालच्यांना लागत नाही. बिनचूक वापर झाला तर गोळ्यांचा आकडाही एकापेक्षा खाली येतो. फरक आहे तो विसरण्याचा.

तांबी गर्भाशयात बसवतात. तांब्यामुळे शुक्राणू निकामी होतात, आणि प्रकारानुसार ती 5 ते 10 वर्षं चालते. ‘मूल झालेल्या बाईनेच तांबी बसवायची’ हा समज जुना आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार केवळ वय कमी आहे म्हणून कोणतंही तात्पुरतं गर्भनिरोधक नाकारायचं कारण नाही. तांबीने पाळीत स्राव आणि दुखणं काही काळ वाढू शकतं, हे मात्र आधी सांगायला हवं. दंडातली काडी त्वचेखाली बसवतात आणि तिच्यातून हळूहळू संप्रेरक सुटत राहतं. ती तीन वर्षं तरी पुरते. पाळी अनियमित होणं, मधेच डाग पडणं हे तिच्या बाबतीत नेहमीचं आहे. आधी माहीत नसेल तर मुली घाबरून ती काढून घेतात. काडी, तांबी, गोळ्या थांबवल्या की पुन्हा दिवस राहण्याची क्षमता लवकर परत येते. इंजेक्शनानंतर मात्र काही महिने जास्त लागू शकतात.

गोळ्यांविषयी थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या पाच दिवसांत मिश्र गोळ्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन संप्रेरकं असलेल्या) सुरू केल्या तर संरक्षण लगेच मिळतं. नंतर सुरू केल्या तर पहिले सात दिवस कंडोमही वापरायचा. एक गोळी विसरली तर आठवताक्षणी घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी, मग दोन एकाच दिवशी घ्याव्या लागल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त विसरल्या तर पुन्हा सात दिवस रोज गोळी होईपर्यंत कंडोम किंवा संबंध टाळणं, आणि डॉक्टरांना विचारणं. सकाळी दात घासण्याच्या ब्रशशेजारी पाकीट ठेवणाऱ्या मुली कमी विसरतात, असा माझा अनुभव आहे. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि अपस्माराची काही औषधं गोळ्यांचा परिणाम कमी करतात. नेहमीची बहुतेक प्रतिजैविकं करत नाहीत. डोळ्यांपुढे चमकून येणाऱ्या अर्धशिशीचा त्रास असेल, किंवा घरात पायात रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. अशा मुलींना मिश्र गोळ्या चालतीलच असं नाही. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घ्यायची नाही, ती याचसाठी.

पायरी 6: कंडोम दाखवून शिकवा

या सगळ्या साधनांत आजारांपासूनही वाचवणारं साधन कंडोम हे एकच आहे. त्यामुळे गोळ्या किंवा काडी असली तरी सोबत कंडोम हवाच. बिनचूक वापरला तर वर्षात शंभरात फक्त दोघींना दिवस जातात. प्रत्यक्षातले तेरा होतात ते हाताळण्यातल्या चुकांमुळे, म्हणून नुसतं सांगण्यापेक्षा लाकडी नमुन्यावर दाखवावं.

एक पाकीट हातात घेऊन मुलांना क्रमाने करायला लावा. मागची तारीख वाचा. पाकीट बोटांत हलकेच दाबा, आत हवेची उशी जाणवली पाहिजे. ती नसेल तर पाकिटाला कुठेतरी छिद्र आहे, टाकून द्या. मुलांच्या पाकिटात, नोटांच्या मागे महिनोन्‌महिने पडलेला कंडोम मी पाहिला आहे: कडा झिजलेल्या, तारीख पुसलेली, वरून गोल वळ उठलेला. अंगाच्या उष्णतेने आणि घासण्याने तो कमकुवत झालेला असतो. दात किंवा कात्री न लावता कडेने फाडा. कोणत्याही जवळिकीच्या आधीच चढवायचा, मधे नाही. टोक चिमटीत धरून त्यातली हवा काढायची आणि मुळापर्यंत उलगडायचा. उलटा लागला तर सुलटा करून वापरायचा नाही, नवा घ्यायचा. झाल्यावर ताठरपणा जायच्या आधी मुळाशी धरून बाहेर यायचं, गाठ मारून कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचा. एकावर एक दोन घालायचे नाहीत, घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. तेल, व्हॅसलिन, लोशन लावलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. हवं तर पाण्याच्या आधारावरचं वंगण वापरावं.

विकत घेताना लाज वाटते, ही तक्रार मुलं नेहमी करतात. मुलांनी कंडोम विकत घेतला यात लाज कसली? मी म्हणेन ती जबाबदारी आहे, आणि हे वाक्य त्यांनी घरातल्या मोठ्याकडून ऐकलं तर त्यांचा हात काउंटरवर कमी थरथरतो.

पायरी 7: आजार, लस, तपासणी

क्लॅमिडिया आणि परमा (गनोरिया) हे संबंधातून पसरणारे आजार पुष्कळदा काहीच लक्षण दाखवत नाहीत, विशेषतः मुलींमध्ये. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना इजा होऊन पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. ‘तो स्वच्छ दिसतो’ याला काही अर्थ नाही. संबंध येत असेल तर अधूनमधून तपासणी, आणि आजार निघाला तर दोघांनीही उपचार. एकाने घेऊन दुसऱ्याने टाळला की आजार परत येतो. वासाचा, पिवळट-हिरवट स्राव, लघवीला जळजळ, फोड, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही असेल तर वाट पाहायची नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत पांढरं, पातळ, वास नसलेलं जाणं मात्र नेहमीचं असतं. त्यावर औषधं शोधायची गरज नाही.

एचपीव्ही विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हे दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं, आणि त्याविरुद्धची लस 2006 पासून उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटना ती प्रामुख्याने 9 ते 14 वयाच्या मुलींना द्यायला सांगते. या वयात एक किंवा दोन मात्रा पुरतात. संबंधांना सुरुवात व्हायच्या आधी घेतलेली लस जास्त उपयोगी ठरते. म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलीला ‘एवढ्या लहानपणी कशाला’ म्हणून थांबवू नका.

पायरी 8: माहिती कुठली खरी, ते पारखायला शिकवा

मुलं फोनवर बघणारच. बघितलेलं तपासायचं कसं, एवढं आपण शिकवू शकतो. माहिती कोणी लिहिली आहे, डॉक्टर किंवा आरोग्यसंस्थेने की गोळी विकणाऱ्याने? शेवटी काही विकत घ्यायला सांगितलं आहे का? साधन निकामी होण्याचे आकडे दिलेत का? जिथे ‘शंभर टक्के खात्री’ लिहिलंय तिथे शंका घ्यायची. वाचून लाज किंवा भीती तेवढीच उरली आणि काय करायचं ते कळलं नाही, तर ते पान मिटायचं. अश्लील चित्रफिती हा शिकायचा स्रोत नव्हे, हेही स्पष्ट सांगा: तिथे परवानगी विचारलेली दिसत नाही, कंडोम क्वचित दिसतो आणि शरीरं निवडून घेतलेली असतात. मुलगा त्याच्याशी स्वतःच्या शरीराची तुलना करून खचतो.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना मुलीला तीन प्रश्न लिहून द्या: मी सांगितलेलं तुम्ही कोणाला सांगाल? माझ्या तब्येतीला कोणतं साधन योग्य? काही त्रास झाला तर कोणाला फोन करू? आणि डॉक्टरांच्या खोलीत थोडा वेळ तिला एकटीला बसू द्या. तुम्ही बाहेर थांबलात म्हणून ती दूर जात नाही, उलट आतल्या डॉक्टरांना खरं सांगते.

पायरी 9: घडून गेलं असेल तर

“आई, एक सांगायचंय, रागावू नकोस.” हे वाक्य आलं तर तुमचं पहिलं वाक्य ठरवून ठेवा. मी पालकांना हे सुचवते: “बरं झालं सांगितलंस. आता काय करायचं ते मिळून बघू.” ‘कसं झालं’, ‘कोण होता’ हे सगळं नंतर. लगेच विचारायचे ते दोनच प्रश्न. पहिला: तिच्या मर्जीविरुद्ध झालं का? तसं असेल तर अंघोळ, कपडे धुणं थांबवून थेट रुग्णालयात न्या. आणि दोन्ही बाबतींत दुसरा प्रश्न: किती तास झाले?

कारण इथून घड्याळ महत्त्वाचं आहे. लेव्होनॉरजेस्ट्रेलची 1.5 मिलिग्रॅमची तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी चांगली, 72 तासांच्या आत. युलिप्रिस्टलची गोळी 120 तासांपर्यंत चालते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या सगळ्यांत खात्रीची, आणि ती पुढेही संरक्षण देत राहते. गोळी स्त्रीबीज सुटणं लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही, आणि पुढे मूल होण्यावर तिचा परिणाम होत नाही. गोळी घेतल्यावर तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. वजन जास्त असेल तर लेव्होनॉरजेस्ट्रेलचा परिणाम कमी पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना वजन सांगा. गोळी घेतली त्यानंतरच्या संबंधाला ती संरक्षण देत नाही, आणि महिन्यातून पुन्हापुन्हा लागत असेल तर नियमित साधन सुरू करायची वेळ झाली आहे. एचआयव्हीचा धोका असेल तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करून ती 28 दिवस घ्यावी लागतात. जास्त उशीर झाला तर ती देत नाहीत, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

पुढची पाळी काही दिवस मागेपुढे होईल. आठवड्याहून जास्त उशीर झाला, किंवा नेहमीपेक्षा फारच थोडी गेली, तर तपासणी करा. घरची लघवीची चाचणी संबंधानंतर 21 दिवसांनी खात्रीची असते. त्याआधी ‘नाही’ आलं तर ते धरून चालायचं नाही. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते. ताबडतोब रुग्णालय.

चाचणी ‘हो’ आली तर मुलीला एकटीला ठेवू नका, त्या रात्री तर अजिबात नाही. झाडपाला, कोणी सांगितलेल्या अनोळखी गोळ्या, ओळखीतल्या बाईकडचा उपाय, यातलं काहीही करू नका. यात मुलींचे जीव गेलेत. गर्भपाताचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, पण बहुतेक ठिकाणी आठवडे जसजसे पुढे जातात तसे पर्याय कमी होत जातात. म्हणून पहिल्या काही दिवसांतच नोंदणीकृत डॉक्टरांकडे जा, पुढे काय करायचं याबद्दल मुलीचं म्हणणं आधी ऐका, आणि ती बोलत असताना मधे बोलू नका.

गोळी वेळेत घेतली असेल तर घरी परतल्यावर लगेच कॅलेंडर काढा. संबंधाच्या दिवसापासून एकवीस दिवस मोजा, त्या तारखेभोवती तिच्याच हाताने पेन्सिलने वर्तुळ काढून घ्या, आणि त्या दिवशी सकाळी चाचणीच्या वेळी दाराबाहेर उभ्या राहा.